पाठमोऱ्या गाड्या

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणि मी यांच्यात गेली चार वर्षं एक मूक युद्ध चालू आहे. बुधवारी त्या काचेचं कपाट पुसतात आणि पुसून झालं की आतल्या सगळ्या गाड्यांची तोंडं पुढे करून ठेवतात. गुरुवारी मी त्या परत फिरवतो. परवा दुपारी मी घरीच होतो, तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. "दादा, कुणीतरी सारखं गाड्या उलट्या लावून ठेवतंय बघा. मी सरळ केल्यात." मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

या गाड्या उलट्याच लावायच्या असतात, हे घरात कुणालाच पटत नाही. माझ्याकडे फेरारी नाही, लॅम्बोर्गिनी नाही. आहेत त्या फक्त जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगन, खेळण्यातल्या, एकास चौसष्ट मापाच्या. पुढून बघितलं तर साधी सेडान. खरी गाडी सुरू होते ती मागच्या दारानंतर. सेडान जिथे नम्रपणे डिकीवर उतरते, तिथे ही छप्पर तसंच शेवटपर्यंत ताणून नेते, लग्नातल्या पंगतीसाठी ओसरी वाढवावी तसं. मग ती पाठमोरी नको ठेवायला?

तर मावशी गेल्यावर मी एकेक गाडी फिरवायला बसलो. हे काम पाच मिनिटांत होत नाही. गाडी हातात आली की भिंग शोधावं लागतं, कारण गाडीच्या बाजूवरची लाकडाची पट्टी सरळ छापली आहे का हे दर वेळी बघायचं असतं. आधीच बघितलेलं असलं तरी. दुकानात खुंटीवर टांगलेल्या, गाडी चिकटवलेल्या दहा कार्डांतून मी एक निवडतो तेव्हा मागे उभी असलेली लहान मुलं कंटाळून निघून जातात. ट्रेझर हंट, म्हणजे कंपनीने मुद्दाम मोजक्याच काढलेल्या दुर्मिळ गाड्या, कुणालाही मिळोत, मला पट्टी सरळ हवी.

ही लाकडाची पट्टी म्हणजे एक जाहीर थाप आहे. सुरुवातीला ते लाकूड खरंच होतं. रेल्वेने आलेली माणसं आणि त्यांच्या ट्रंका स्टेशनवरून हॉटेलात पोचवायला ज्या गाड्या असत, त्यांना मागे लाकडी सांगाडा चढवलेला असे; स्टेशन वॅगन हे नावही त्यातूनच आलं. १९२९ साली फोर्डने आपल्या मॉडेल ए-वर अशी गाडी कारखान्यातूनच विकायला काढली. मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला फोर्डची लाकडाची गिरणी होती, मेपल आणि बर्चच्या फळ्यांची. (तिथल्या लाकडाच्या कचऱ्यापासून कंपनी कोळशाच्या वड्या पाडून विकायची. असा माणूस आमच्या गल्लीत असता तर त्याला चिक्कूच म्हटलं असतं.) पण लाकडी गाडी म्हणजे लाकडी दार: पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात कुरकुरणार, दर वर्षी वॉर्निश मागणार. पुढे पोलादी अंग आलं. १९५२ पासून फोर्डची कंट्री स्क्वायरही पोलादाची झाली, आणि पत्र्यावर लाकडाचं चित्र असलेली फिल्म चिकटवली गेली. तिथून चाळीसेक वर्षं अमेरिकेतली कुटुंबंच्या कुटुंबं ही खोट्या लाकडाची गाडी घेऊन सहलीला जात राहिली. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

आपण तरी कुठे तक्रार करतो? मिरजेच्या आमच्या घरात वडिलांनी हौसेने जेवणाचं टेबल करून घेतलं, वर सागवानी रेषांचा सनमायका. घाईत चिकटवल्यामुळे एक कोपरा सहा महिन्यांत सुटला आणि पुढची वीस वर्षं जेवताना मी तो नखाने उचलून आतलं प्लायवूड बघत आलो. आलेल्या पाहुण्याला तरी "सागवानी दिसतंय" असं म्हणावंच लागे, आणि वडीलही मान हलवत.

याच टेबलावर १९७८ साली अमेरिकेतून काकाचा फोटो आला. त्या काळी परदेशी गेलेला प्रत्येक जण गाडीला टेकून फोटो काढून पाठवायचा. चेहरा कसाही येवो, गाडी पूर्ण यायला हवी. काकाची गाडी प्लायमाउथ होती, सेकंडहँड, स्पोर्ट सबर्बन नावाची, साडेअठरा फूट लांब. बिचाऱ्या फोटोवाल्याला ती फ्रेममध्ये बसवताना काका सुपारीएवढा करावा लागला होता. वडील म्हणाले, "प्लायमाउथ म्हणजे आपल्या कुर्ल्याला जुळवायचे ती." प्रीमियरच्या कारखान्यात एके काळी डॉज आणि प्लायमाउथ जुळवत असत, हे खरंच, पण वडिलांच्या बोलण्यातून असं वाटे की काकाने ती कुर्ल्याहूनच नेली.

आजीने फोटो डोळ्यांपाशी धरला, लांब धरला आणि विचारलं, "लाकडाची आहे? वाळवी नाही लागत?"

आजीचं चूक नव्हतं. मिरज हे सतारी घडवणाऱ्यांचं गाव. कुठलं लाकूड किती वर्षं वाळवलं, कुणाच्या दांडीला कीड लागली, ही तिथे ओट्यावरची चर्चा. काकाला धाडलेल्या पुढच्या प्रत्येक पत्रात आईने शेवटी एक ओळ घातली: आई विचारते, गाडीला वाळवी लागली नाही ना? काकाचं उत्तर ठरलेलं: ठीक आहे गाडी, काळजी नसावी.

फोटोच्या मागे काकाने लिहिलं होतं, "नऊ माणसे आरामात बसतात." हे वाक्य घरात बॉम्बसारखं पडलं. आम्ही सात होतो. काका-काकू धरून बरोब्बर नऊ. त्या रविवारी दुपारी टेबलाभोवती जागा वाटून झाल्या. आजी पुढे, कारण तिला मळमळतं. वडील तिच्या शेजारी. सगळ्यात मागचं बाकडं रस्त्याकडे तोंड करून असतं, असं काकाने लिहिल्यावर त्यासाठी मी आणि ताई रडेपर्यंत भांडलो. लोणच्याची बरणी कुणाच्या पायाशी ठेवायची हेही ठरलं. तिकीट सोडून सगळं ठरलं होतं.

मला पहिली वॅगन मिळाली ती यानंतर पुष्कळ वर्षांनी, पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, कुलपं आणि पितळी नळ यांच्या ढिगात. मॅचबॉक्स या खेळण्यांच्या कंपनीची १९६८ची मर्क्युरी. हिरवा रंग निम्मा उडालेला, पण मागच्या खिडकीतून दोन कुत्री अजून डोकं बाहेर काढून बसलेली. तोवर मला वाटायचं की खेळण्यातल्या गाड्या पळण्यासाठी असतात. ही गाडी पळत नव्हती, कुणाला तरी कुठे तरी घेऊन चालली होती. मी घासाघीस न करता पैसे दिले, ही गोष्ट विक्रेत्याला फार संशयास्पद वाटली.

नंतर व्यसनच जडलं. स्टूडबेकरची वॅगनेअर आली, मॅचबॉक्सचीच, जिचं मागचं छप्पर खरोखर सरकतं. खऱ्या गाडीचंही सरकायचं, म्हणजे उभा फ्रिज नेता येई, आणि पावसात ते गळायचंही. दोन-चार कंट्री स्क्वायर आल्या. १९५५ची शेवरले नोमॅड सर्वांत सुंदर, मागचं दार तर दागिनाच. पण तिला दोनच बाजूची दारं. मुलंबाळं आत कोंबायला सीट वाकवायला लावणारी गाडी वॅगन कसली? तिला मी खालच्या कप्प्यात ठेवली आहे. हॉट व्हील्स या दुसऱ्या खेळणीवाल्यांवर माझा एक वेगळाच राग आहे. ते सगळ्या गाड्या एकाच मापाच्या कार्डावर बसवतात, त्यामुळे साडेअठरा फुटी वॅगन आणि बुटकी स्पोर्ट्स कार सारख्याच लांबीच्या होतात. मापाप्रमाणे वॅगन साडेतीन इंच यायलाच हवी. अर्धा इंच कमी म्हणजे मागचं बाकडंच गेलं की.

खऱ्या वॅगन तर केव्हाच गेल्या. आधी तेल महागलं, मग १९८४च्या मॉडेलची मिनीव्हॅन आली. कंट्री स्क्वायर १९९१ला थांबली, ब्यूइक रोडमास्टर १९९६ला. आपल्याकडे ही जात कधी रुजलीच नाही. मी एकदा जुनी इस्टेट, म्हणजे आपल्याकडची वॅगनच, बघायला गेलो होतो, तर सासरे म्हणाले, "ॲम्ब्युलन्स घेताय का?" विषय संपला.

काकाची प्लायमाउथ मला अजून मिळालेली नाही. कॉर्गीची १९५९ची मिळते, पंखवाली, पण ती काकाच्या गाडीची आजी म्हणायची.

काका स्वतः आला तो १९८३च्या डिसेंबरात, महालक्ष्मीने, एकटा. आजीला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. मी आणि वडील त्याला आणायला मिरज स्टेशनवर गेलो. टांगा केला. वडील पुढे टांगेवाल्याजवळ बसले, काका आणि मी मागे, रस्त्याकडे तोंड करून, पायांशी त्याची बॅग. घोडा निघाला आणि स्टेशन आमच्यापासून मागे मागे जाऊ लागलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, तुझ्या गाडीला वाळवी लागली का रे शेवटी?"

तो म्हणाला, "लाकूड नव्हतंच ते. कागद होता चिकटवलेला. तिला सांगायचं राहून गेलं."