उलंगवाडी ते मिरग : ढोरं न विकता काढलेला उन्हाळा

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) तालुक्याच्या डोंगराळ अंगाला. तीन एकर कोरडवाहू वावर. कपाशी, तूर, सोयाबीन आणि विहिरीनं साथ दिली तर थोडा गहू. कोठ्यात एक गवळाऊ जातीची गाय, तिची कालवड, चार बकऱ्या. अंगणात कोंबड्या, दारात वाघ्या नावाचा कुत्रा आणि कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुशाच्या, खोलीत मनी मांजर. बैलजोडी आधीच गेली. नांगरटी ट्रॅक्टरनं होते, डवरणीला (बैलांच्या कोळपणीला) शेजाऱ्यांची जोडी येते आणि त्या बदल्यात आम्ही त्यांच्या वावरात निंदणाला जातो.

आमच्याकडे दरवर्षी होळीच्या आसपास ढोरांचा दलाल गावात येतो. चारा संपत आलेला असतो, विहिरी खाली जायला लागलेल्या असतात, आणि ज्याला त्याला गाय विकून मोकळं व्हावंसं वाटतं. सगळेच विकायला काढतात म्हणून भाव पडतो. मिरगात तसंच जनावर घ्यायला जा, तेव्हा भाव चढलेला. गेल्या वर्षी आम्ही घरात बसून ठरवलं की गाय आणि कालवड विकायची नाही आणि कडबाही विकत घ्यायचा नाही. गाय गाभण होती, आषाढात वेत अपेक्षित होतं. अशा गाईला उन्हाळ्यात उपाशी ठेवलं तर वासरू कमजोर निघतं आणि दुधालाही मार बसतो, म्हणून तिला नुसती जगवून भागणार नव्हतं.

पहिला हिशोब चाऱ्याचा. ३०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण ७ ते ८ किलो कोरडा चारा लागतो. कालवडीचा ४ किलो धरला तर दोघींचे १२ किलो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चार महिने, म्हणजे जवळपास १५ क्विंटल. पूर्वी हे सगळं कडब्यावर निघायचं. वऱ्हाडात घरोघरी ज्वारी होती तोवर कडब्याची चिंता नव्हती. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि कडबा दुर्मिळ झाला. पण सोयाबीननं कुटार दिलं, आणि तेच लोक मळणी झाली की वावरात पेटवून देतात. माझा जीव जळतो ते पाहून. एका बाजूला धूर आणि चार महिन्यांनी त्याच घरची गाय दलालाच्या गाडीत.

सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणतो. बाईंनी मला लग्न होऊन आले त्याच वर्षी सांगितलं होतं, "दसऱ्याले जे फेकतेत, तेच चैतात मांगत फिरतेत." म्हणून ऑक्टोबरात थ्रेशर लागलं की मी कुटारामागे असते. आमचं एक एकराचं कुटार पुरत नाही, मग ज्यांच्याकडे ढोरं नाहीत त्यांचंही मागून आणते. कोणी नाही म्हणत नाही, त्यांना वावर मोकळं करून हवं असतं. बैलबंडी मागून घ्यायची, जुन्या साड्या-चादरी जोडून शिवलेल्या मोठ्या गाठोड्यात दाबून भरायचं आणि घरी आणून वाळलेलं असतानाच आत टाकायचं. ओलं कुटार ढिगात गेलं की तापतं, बुरशी धरतं, आणि बुरशीचं कुटार गाभण गाईला कधीच देऊ नये, ती गाभडू शकते.

जानेवारीत तूर निघाली की तुरीचं कुटार वेगळं ठेवते. बकऱ्यांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही, शेंगांची फोलं आणि पाला त्या निवडून खातात. तुराट्या कुडाला आणि चुलीला. मार्चमध्ये गव्हाचं कुटार येतं. ते ढोरं आवडीनं खातात, पण त्यात पोषण फारसं नसतं. त्याचं काय केलं ते पुढे सांगते.

त्याआधी उलंगवाडी. कपाशीचा शेवटचा वेचा झाला की वावर ढोरांना मोकळं होतं. हे आमच्या आजा-पणज्यांपासून चालत आलंय. हल्ली पाणी असलेले लोक फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस, घेण्यासाठी पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी ठेवतात, आणि तिथंच गुलाबी बोंडअळीची सोय होते. शेवटच्या वेच्यानंतर गुरं-बकऱ्या वावरात सोडा, म्हणजे अर्धवट उमललेली, किडकी बोंडं त्या खाऊन टाकतील, हे कृषी विभागवालेही सांगतात. आमच्या बकऱ्या तेच काम फुकटात करतात आणि वर लेंडीखत टाकून जातात. मात्र वावरवाल्याला विचारल्याशिवाय मी कधी सोडत नाही. शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली, हे माहीत असल्याखेरीज ढोर कपाशीत घालायचं नाही. आमच्या भागात फवारणीच्या औषधानं माणसं दगावलेली आहेत, मुक्या जनावराचं काय घेऊन बसता.

आता गव्हाच्या कुटाराची गोष्ट. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी युरियाची प्रक्रिया सांगितली होती. बाईंना ते अजिबात पटलं नाही. "पिकाचं खत ढोराले खाऊ घालतं काय व?" त्यांची भीती खोटी नव्हती. युरियाचं पाणी ढोर प्यायलं तर ते मरतं, आणि गावात असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. म्हणून सगळं काम कोठ्यापासून लांब, घराच्या मागच्या आवारात केलं. १०० किलो कुटाराला ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया तोलून घेतला, अंदाजानं नाही. पाण्यात पूर्ण विरघळू दिला, एक दाणाही तळाला राहू दिला नाही. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर कुटाराचा वीतभर थर, झारीनं पाणी, पायानं दाबायचं, पुन्हा थर. ह्यांनी आणि मोठ्या मुलानं तुडवलं, मी झारी धरली. वरून दुसरी ताडपत्री, कडेनं माती आणि दगड, हवा आत जाता कामा नये. बादली, झारी, काठी तिथल्या तिथे तीनदा धुतली आणि ते पाणी खड्ड्यात ओतून वर माती लोटली.

असं २१ दिवस बंद ठेवायचं. उघडलं तेव्हा अमोनियाचा इतका तीव्र वास आला की डोळ्यांतून पाणी आलं. पांढुरकं कुटार गडद पिवळं, जवळजवळ तपकिरी झालं होतं. हातात घेतलं तर मऊ, काडी टोचत नव्हती. त्या दिवशी लागेल तेवढंच काढलं, बाकीचं परत झाकलं. काढलेलं तासभर सावलीत पसरून वास उडू दिला. गाईनं हुंगलं आणि मान फिरवली. मग साध्या कुटारात मूठभर मिसळलं, वरून सरकीच्या ढेपेचं पाणी शिंपडलं. चाटता चाटता खाल्लं तिनं. हळूहळू प्रमाण वाढवलं, आठवडाभरात ती तेच आधी शोधायला लागली. कालवड वर्षाची होती म्हणून तिलाही दिलं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे देत नाहीत, त्याचं पोट अजून रवंथाला तयार झालेलं नसतं. बाई रोज शेण पाहायच्या. शेण चांगलं बांधीव येतंय म्हटल्यावर एक दिवस त्याच म्हणाल्या, "आज ते पिवळं कुटार टाकलं नाई काय?"

सोयाबीनच्या कुटारात गाय फोलपटं खाते आणि जाड काड्या गव्हाणीत सोडते. त्या काड्या मी फेकत नाही. गाईखाली अंथरते, त्यात मूत जिरतं, सकाळी शेणासकट उकिरड्यावर जातं. पावसाळ्याआधी ते वावरात पडतं. कोंबड्या दिवसभर त्या उकिरड्यावर उकरत असतात, अळ्या आणि किडे वेचतात. त्यांना दाण्याचा वेगळा खर्च फारसा नाही, संध्याकाळी मूठभर कणी टाकली की आपोआप खुराड्यात येतात. वाघ्याला भाकर आणि ताक. मनीला दूध काढताना दोन घोट, बाकी तिचं पोट उंदरांवर. कुटाराच्या खोलीत मांजर नसेल तर उंदीर ढीग आतून पोखरतात आणि वरून पाहणाऱ्याला कळतही नाही. वाघ्याची कमाई हरभऱ्याच्या वेळी दिसते. रोही (नीलगाई) आणि रानडुकरं रात्रीतून वावर साफ करतात, जागलीला माणसासोबत कुत्रा असला की फरक पडतो. त्याला दरवर्षी रेबीजची लस देतो. घरात लेकरं आहेत, गाय आहे, तिथे कसर चालत नाही.

काटकसर म्हणजे सगळीकडे हात आखडता, असं आमच्याकडे नाही. पाडव्याआधी एक बोकड विकला. बोकड त्यासाठीच असतो. त्या पैशातून गाभण गाईसाठी सरकी ढेप आणि तुरीची चुरी घेतली. रोज संध्याकाळी ढेप भिजवायची, त्यात मीठ आणि डॉक्टरांनी दिलेली क्षारांची पूड. शेवटच्या दोन महिन्यांत पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं, तेव्हा हा खुराक नसेल तर गाय स्वतःच्या हाडा-मांसातून देते आणि वेतानंतर उठत नाही.

अझोला, म्हणजे पाण्यावर वाढणारी चाऱ्याची वनस्पती, लावा, असं एकानं फार आग्रहानं सांगितलं. त्याला पाणी लागतं आणि कडक ऊन सोसत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, विहिरीत बादली बुडत नाही. ज्यांच्याकडे बारमाही पाणी आणि गर्द सावली आहे त्यांनी जरूर करावं. आम्ही ते पाणी गाईला पाजलं. उन्हाळ्यात गाईला ५० ते ६० लिटर पाणी लागतं, आणि पाणी कमी पडलं की चारा समोर असूनही ती खात नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बकऱ्यांना. भांडी राखेनं घासतो, ते पाणी शेवग्याच्या आणि पपईच्या बुडाला.

बकऱ्यांना एप्रिल-मेमध्ये बाभळीच्या शेंगांनी तारलं. पोरं सकाळी पोतं घेऊन नाल्याच्या काठानं वेचून आणायची. सुबाभळीचा पालाही असतो धुऱ्यावर (बांधावर), पण तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देत नाही, जास्त झाला की केस गळतात. ज्वारीचं कापणीनंतर फुटलेलं कोवळं पोंग तर कुणाच्याच ढोरानं खाऊ नये. त्यानं किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि जनावर घटकाभरात जातं.

मेचा दुसरा पंधरवडा सगळ्यात कठीण गेला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधीच गाय तोंड उघडून धापा टाकायला लागली. कोठ्याचे टिन तापून खाली उभं राहवत नव्हतं. टिनांवर पऱ्हाटीचा जाड थर टाकला, पश्चिमेच्या बाजूला पोती शिवून लावली आणि दुपारी त्यांवर पाणी मारलं. चराईची वेळ बदलली. झुंजुमुंजु असताना गाय सोडायची, नऊच्या आत दाव्याला. दुपारी समोर फक्त पाणी, चारा रात्री. ढोर रात्री गारव्यात शांतपणे खातं, हे त्या दिवसांत नीट पाहायला मिळालं. मी उठून गव्हाण भरायचे, तेव्हा पहाटेपर्यंत ती चाटून साफ झालेली असायची.

त्याच दिवसांत दलाल पुन्हा आला. गाभण गाय पाहून भाव वाढवून बोलला. हे काही क्षण गप्प राहिले, कारण बियाण्याला पैसे हवेच होते. मी कोठ्यात जाऊन कुटार किती उरलंय ते दाखवलं. जूनचा पहिला आठवडा निघेल इतकं होतं. बाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "गाय नाई विकाची भाऊ, चहा घेऊन जा." बियाण्यासाठी मग एक पाठ, म्हणजे तरणी बकरी, विकली. मला ती पाठ द्यायची नव्हती, तिची आई दोन-दोन पिल्लं देणारी आहे.

पावसाआधी दवाखान्यात चक्कर झाली. गाईला आणि कालवडीला घटसर्प आणि एकटांग्याची (फऱ्याची) लस, बकऱ्यांना आंत्रविषाराची. २०२२ साली लम्पीनं आमच्या भागात फार जनावरं आजारी पडली, तेव्हापासून ती लसही चुकवत नाही. कानातला बारा अंकी बिल्ला आधीच होता, नोंद लगेच झाली. आंत्रविषार विशेषतः बकऱ्यांना पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर गाठतो. रात्री चांगली असलेली बकरी सकाळी मेलेली सापडते.

मिरगाचा पाऊस थोडा उशिरा आला, पण आला. गवत उगवलं म्हणून लगेच कुटार बंद केलं नाही. सकाळी आधी कोरडं खाऊ घालायचं आणि मगच सोडायचं, नाहीतर पोट बिघडतं, पातळ शेण सुरू होतं. गाय आषाढात रात्री व्याली. गोऱ्ही झाली, पांढरी, गवळाऊची ती लांब चेहऱ्याची ठेवण जन्मतःच दिसत होती. जार सकाळपर्यंत पडला. तासाभराच्या आत चीक पाजला, आणि वासराचं पोट भरल्यावर उरलेला बाईंनी शेजारी तीन घरी वाटला.

यंदा धुऱ्याला लागून चार ओळी ज्वारीच्या पेरल्या आहेत. दाणा पाखरं खातील असं हे म्हणतात. खाऊ देत, मला कडबा हवा आहे.