दोन शतांश
आज उद्यमनगरात लेथवरून (धातू फिरवत कातायच्या यंत्रावरून) काढलेला शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, मी लगेच मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या उपकरणात धरला. व्यासाचं माप हवं होतं १०० मिलिमीटर, दिसलं १००.०२. म्हटलं, अजून एक हलका कट घेऊन टाकू.

"थांब," मामा म्हणाले. "हाताला गरम लागतंय न्हवं? गार हुदे आधी."

आमचे मामा चाळीसेक वर्षं लेथ चालवणारे टर्नर आहेत. त्यांच्यापुढं वाद घालायचा नसतो. चहा झाला, दुसरी दोन कामं झाली. तासाभरानं त्याच जागी परत माप घेतलं, १०० वर काटेकोर! मी कट घेतला असता तर शाफ्ट भंगारातच गेला असता.

मग हिशोब करून बघितला. १०० मिलिमीटरचं स्टील २० अंशांनी तापलं की साधारण दोन शतांश मिलिमीटर फुगतं. म्हणून तर जगभर मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात. हे मी डिप्लोमाला पाठ केलं होतं. मामांना ते तळहाताला कळतं.

त्यांची माप घ्यायची पद्धत बघत राहावी अशी. आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसून शून्य तपासणार. थिंबल (आकड्यांची फिरती नळी) कधी आवळणार नाहीत, टोकाचं रॅचेटच फिरवणार, ते ठराविक दाबाला टिक करून सुटतं. तीन वेळा टिक टिक टिक, मग वाचणार. थिंबलच्या एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर, त्याचे पन्नास भाग. चष्मा लागलाय, पण रेघ चुकत नाही.

संध्याकाळी त्यांनी मायक्रोमीटरला तेलाचा हात फिरवला, तोंडं जराशी उघडी ठेवली आणि लाकडी पेटी माझ्या हातात दिली. "उद्यापास्नं तूच सांभाळ."