खंड्या जेवत का नव्हता

आमचा खंड्या गावठी कुत्रा. वय 5 वर्षं, वजन 18 किलो. त्याला कच्च्या मांसावर आणून दीड वर्ष झालं. त्यातले सुरुवातीचे दोन महिने आणि अलीकडचे तीन आठवडे मला फार जड गेले, ते इथे लिहितेय.

कोरडं खाणं तो निम्मं टाकायचा, म्हणून मी याकडे वळले. आमच्या डॉक्टरांना कल्पना पसंत नव्हती. कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असतात, फ्रीझरमध्ये ते मरत नाहीत आणि घरात सत्तरीची आई आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी अटी घातल्या. सुरी-पाट वेगळा, मांस ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळवायचं, भांडं लगेच गरम पाण्याने आणि साबणाने घासायचं. त्या मी आजही पाळते.

हिशोब सोपा होता. वजनाच्या अडीच टक्के म्हणजे दिवसाला 450 ग्रॅम. त्यात 80 टक्के मांस, 10 टक्के खाता येईल असं हाड, 5 टक्के काळीज, 5 टक्के गुर्दा किंवा तिल्ली. काळीज जास्त झालं तर जीवनसत्त्व अ जास्त होतं, म्हणून वजनकाटा रोज बाहेर. कागदावर सगळं नीट जमलं, पण खंड्याला ते मान्य नव्हतं. कोंबडीचं मांस खायचा आणि काळजाचा तुकडा जिभेने बाहेर ढकलायचा. पुढचे दोन पाय पसरून, त्या तुकड्याकडे बघत बसायचा. मग मी दुसरं काही काढायचे, तेही नाही तर तिसरं. दुपारी आई दूध-पोळी कुस्करून द्यायची. "अगं, मुकं जनावर आहे ते, उपाशी कसं ठेवतेस?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्याला वाट बघायची सवय आम्ही दोघींनी लावली.

उपाशी ठेवूनही पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पिवळा फेस ओकला. रिकाम्या पोटात पित्त साठलं होतं. तो प्रकार मी पुन्हा केला नाही. त्यापेक्षा भांडं 20 मिनिटं ठेवायचं, नाही खाल्लं तर न बोलता उचलायचं, संध्याकाळी पुन्हा तेच ठेवायचं, आणि मधे पोळी बंद. आईने हे मनावर घेतलं म्हणूनच जमलं.

खरा फरक मात्र दोन साध्या गोष्टींनी पडला. फ्रीजमधल्या गार मांसाला वासच नसतो, आणि कुत्रं आधी नाकाने जेवतं. म्हणून पिशवी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवायला लागले. दुसरं काळजाचं. त्याला चव नको नव्हती, बुळबुळीतपणा नको होता. तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून दिल्यावर पहिल्याच दिवशी खाल्लं. शेळीचं काळीज तसंही मी कच्चं देत नाही. त्यात पाण्याचे फोड असले तर कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात आणि पुढे माणसालाही त्याची लागण होते. आमचा खाटीक असा माल दाखवून बाजूला काढतो, "ताई, हे नको न्यायला." हाड मात्र कधीच शिजवायचं नाही. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात.

वर्षभर सुरळीत गेलं आणि तो पुन्हा थांबला. कोंबडीची मान तोंडात घ्यायचा, डोकं डावीकडे कलवायचा, दोनदा चावून खाली ठेवायचा. खिमा खायचा. मी समजले, पुन्हा नखरे. जुना नियम लावला, भांडं उचललं, एकदा रागावलेही. तीन आठवडे. मग एके दिवशी त्याने ठेवलेल्या मानेवर रक्ताची बारीक रेघ दिसली.

डॉक्टरांनी ओठ वर केला. वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा बाहेरचा कपचा निघालेला, मधे गुलाबी ठिपका. आतली नस उघडी पडली होती. कारण मीच आणून दिलेलं होतं, म्हशीचं नळीचं हाड, दात साफ राहतील म्हणून. ज्यात नख रुतत नाही ते दाढेखाली द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मला टेबलाशी उभं राहवेना. तो बिचारा तीन आठवडे दुखतंय एवढंच सांगत होता आणि मी त्याच्यापुढून भांडं उचलत होते.

भूल देऊन दाढ काढली. टाके भरेपर्यंत फक्त मऊ खिमा, आणि हाड बंद म्हणून कॅल्शियमसाठी रोज अंड्याच्या टरफलाची अर्धा चमचा पूड. टरफलं धुऊन, भाजून मिक्सरमधून काढायची, अगदी पिठासारखी.

आता तो पुन्हा कोंबडीची मान खातो. नळी घरात येत नाही. दर रविवारी त्याला मांडीवर घेऊन मी ओठ वर करून दात बघते, आणि भांड्यात काही उरलं तर आधी तोंड उघडून बघते. गुर्दा त्याला अजूनही आवडत नाही. तो मी बारीक करून खिम्यात मिसळते आणि तो खातो.