आरशावरच्या दिव्यामागची डबी

आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुनं. बाथरूमला सासूबाई अजून न्हाणीच म्हणतात. आरशावर काळा अँगल होल्डर होता आणि पाऊस लागला की तो दिवा लावताच अख्ख्या घराची ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायची. कोल्हापुरात पाऊस लागतो म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. जुलैभर आम्ही बॅटरीच्या उजेडात दात घासले.

गणपतीआधी फरशा बदलायच्याच होत्या. म्हटलं, दिवाही नवा घेऊ. पितळी बैठकीचा, दुधी काचेचा एक पसंत केला आणि इथूनच घोळ सुरू झाला. बैठक गोल, ११ सेंटिमीटरची, आतून जवळजवळ सपाट. वायरींचे जोड ठेवायचे कुठं?

जुना होल्डर काढला तेव्हा कळलं की आमच्याकडं जोड ठेवायची डबी नव्हतीच कधी. गिलाव्यातल्या भोकातनं दोन वायरी बाहेर, त्यांना पीळ, वर टेप, आणि ते सगळं लाकडी ठोकळ्यामागं कोंबलेलं. टेपचा डिंक वाफेनं सुटून हाताला लागत होता. आणखी एक. मेन बंद करून मी टेस्टर लावला तर तो पेटला! तो पॉइंट इन्व्हर्टरवर होता. इन्व्हर्टर बंद केल्याशिवाय मेन पाडून काही उपयोग नव्हता. सुदैवानं बोट लावायच्या आधी टेस्टर लावला होता.

आता मी अभ्यासाला बसले. पाणी आहे म्हणजे आयपी ६५ हवं, एवढं डोक्यात घेतलं. आयपी म्हणजे बॉक्स धूळ-पाणी किती अडवतो त्याचं माप. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी चालतो. शाहूपुरीतल्या दुकानातनं रबरी पट्टीवाला, १० सेंटिमीटरचा चौकोनी बॉक्स मोठ्या दिमाखात घेऊन आले.

वायरमन दादांनी तो हातात फिरवला, दिव्याची बैठक त्यावर ठेवली. चारी कोपरे बाहेर. १० चा चौकोन म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १४, एवढं साधं गणित मी दुकानात केलं नव्हतं.

"आणि वहिनी, झाकण काढून त्या जागी दिवा बसवणार न्हवं? मग ती रबरी पट्टी कशाला दाबून बसणार?"

खरंच की. तो आकडा झाकण बंद असलेल्या बॉक्सचा असतो.

पण खरी गोष्ट त्यांनी पुढं दाखवली. भिंतीतला पाइप स्लॅबमधनं खाली येत होता. त्यांनी वायर थोडी ओढली तर पाइपाच्या तोंडाशी थेंब. "डबी कितीबी भारी आणा, पाणी पाइपातनंच यायलंय त्याला काय करणार?" म्हणजे महिनाभर मी आंघोळीच्या वाफेला दोष देत होते, आणि गच्चीवरचं पाणी पाइपाची वाट धरून थेट जोडावर येत होतं.

मग आधी वाट बदलली. फरशा निघालेल्याच होत्या, त्यामुळं दाराजवळच्या स्विचबोर्डापासून भिंतीत झिरी मारून नवा पाइप खालून वर आणला. वायर दीड स्क्वेअर एमएमची. लाल, काळी आणि जुन्या जोडात नसलेली हिरवी. दिवा पितळी, त्यामुळं अर्थिंगशिवाय लावणार नाही असं दादांनी आधीच बजावलं होतं.

दुसऱ्यांदा दुकानात जाताना दिव्याची मागची पट्टी पिशवीत टाकली, तिच्या दोन भोकांमधलं अंतर डबीच्या स्क्रूंशी जुळायला हवं म्हणून. दुकानदारानं पत्र्याचा बॉक्स पुढं केला, पण आमच्या किचनमधला तसलाच गंजून स्क्रू फिरेनासा झालाय. घेतली ती पीव्हीसीची गोल डबी, साधारण आठ सेंटिमीटर रुंद, पाच खोल. बैठकीखाली पूर्ण लपणारी, आणि तीन जोड चेपून न बसवता आत मावणारी. किंमत आधीच्या बॉक्सच्या निम्मीसुद्धा नाही.

बसवताना गवंडी आणि वायरमन यांची चांगलीच जुंपली. दादा डबी विटेच्या पातळीत बसवत होते, गवंड्याचं म्हणणं भिंत अजून पुढं येणार. माल आणि फरशी मिळून दोन सेंटिमीटर. डबी आत राहिली असती तर स्क्रू पोचलेच नसते आणि दिवा नुसता फरशीवर टेकला असता. शेवटी डबी दोन सेंटिमीटर बाहेर काढून सिमेंटात धरली. यात गवंड्याचंच बरोबर होतं; दादांनी ते अजून कबूल केलेलं नाही.

बैठकीच्या वरच्या बाजूला आणि दोन्ही कडांना सिलिकॉन भरलं. खाली मुद्दाम मोकळं ठेवलं, चुकून पाणी आत गेलंच तर गळून जावं म्हणून.

गणपतीत सलग आठवडाभर पाऊस होता, ईएलसीबी एकदाही पडली नाही. आयपी ६५ चा बॉक्स गच्चीवरच्या मोटरीच्या जोडाला लागला, झाकणासकट. जुन्या पाइपातली वायर काढून टाकली आहे, पण त्यातलं पाणी काही थांबलेलं नाही; ते आता छताच्या कोपऱ्यात ओल धरतंय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर. तोवर सासूबाईंनी त्या कोपऱ्याखाली बादली ठेवली आहे.