‘कोसला’ची प्रत, नोंद ७ : चिकटपट्टीखालचं मत, चिकटपट्टीवरचं उत्तर

मंडळी, पट्टी सुटली! अख्खी, एका तुकड्यात. खालची शाई उचलली गेली नाही आणि वरची फिसकटली नाही. त्यामुळे पुस्तकाच्या कण्याचं काम पुढच्या खेपेला, आज पट्टीच.

नव्यांसाठी थोडक्यात. इंदूरच्या खजुरी बाजारातून आलेली ही भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीची वाचनालयातली जुनी प्रत, देशमुख आणि कंपनीने काढलेली. समासात निदान पाच जणांची अक्षरं आहेत. एकाने प्रत्येक ‘वगैरे’खाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. एकाने मेसच्या हिशोबाच्या पानांवर कादंबरीच्या नायकाला, पांडुरंगाला, बापाच्या पैशावरून फैलावर घेतलंय. एकाने खानदेशी शब्दांचे अर्थ चक्क हिंदीत लिहून ठेवलेत. तो आपल्या इंदूरचाच असणार. १९६३ साली आलेल्या या कादंबरीबद्दल समीक्षकांनी भरपूर लिहिलं, पण वाचनालयातून पुस्तक घरी नेणाऱ्यांना काय वाटलं ते अशा समासांतच सापडतं. म्हणून दुरुस्ती करायची ती मतांसकट.

अडलं होतं ते पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते त्या पानावर. पुस्तक आपोआप तिथेच उघडतं, त्यामुळे पान तिथेच फाटलेलं. फाटीवर कोणीतरी सेलोफेनची चिकटपट्टी लावली, ती नेमकी निळ्या बॉलपेनच्या शेऱ्यावर. शेऱ्याचा आशय असा की खरी कादंबरी इथून पुढे आहे, पुणं ही नुसती तयारी. आणि पट्टीच्या पाठीवर दुसऱ्या कोणाचं काळ्या बॉलपेनने उत्तर : पुण्यातली ती सगळी वर्षं वाचली नसती तर हे पान इतकं लागलंच नसतं. माझं मत काळ्या पेनवाल्याच्या बाजूने, पण जपायची दोघांचीही मतं.

आता रसायनाचा पेच बघा. पट्टीचा रबरी डिंक आधी चिकट असतो, मग तेलकट होऊन कागदात मुरतो, शेवटी हवेने तपकिरी आणि कडक होतो. चिकट अवस्थेत तो हेप्टेन या द्रावकाने सुटतो आणि हेप्टेनमध्ये बॉलपेनची शाई सहसा हलत नाही. कडक झालेल्या डिंकाला मात्र अॅसिटोन किंवा इथाइल अॅसिटेट लागतं, आणि ते शाई आधी विरघळवतं. आपल्या पट्टीच्या कडा कडक, मधला भाग अजून चिकट. वरून गरम पात्याने सोडवावं, तर पट्टीवरची काळी शाई पात्याखाली पसरणार.

तोड निघाली ती उष्णता उलट बाजूने देण्यात. पान पालथं करून खाली सिलिकॉनचा बेकिंग पेपर (सियागंजात रोलने मिळतो, तोच घ्या, मेणकागद नको) आणि पाठीमागून साधारण ६० अंश सेल्सियसवर ठेवलेलं पातं, एका जागी काही सेकंदच. डिंक मऊ झाला की पान लगेच सुलटं करायचं आणि पट्टीची कड पातळ स्पॅच्युलाने कागदाशी जवळजवळ समांतर ओढायची. ९० अंशांच्या कोनात वर खेचली की कागदाचा पापुद्रा आणि त्यावरची शाई दोन्ही बरोबर येतात. एका वेळी ३–४ मिलिमीटर, मग पुन्हा पालथं.

त्याआधी पान ओल्या टिपकागदावर जाळी ठेवून बंद डब्यात अर्धा तास. सेलोफेन ओलावा घेऊन लवचीक होतं. कोरडं असताना ते काचेसारखं तडकतं. हे काम एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत काढूच नका, पावसाळा उत्तम. मात्र पानावर फाउंटन पेनची शाई असेल तर डबा वर्ज्य, ती पसरते.

उरलेला चिकट डिंक क्रेप रबराने (डिंक ओढून घेणारा खरबरीत रबराचा तुकडा) एकाच दिशेने गोळा केला, शाईच्या रेघांमधला ००० नंबरच्या ब्रशने, हेप्टेनने, खाली टिपकागद ठेवून. आधी शाईच्या एका ठिपक्यावर थेंब सोडून पांढरा टिपकागद ३० सेकंद दाबा. रंग आला तर थांबा. हेप्टेनऐवजी पंपावरचं पेट्रोल वापरू नका, त्यात रंग आणि तेलं असतात. खिडकी उघडी, ज्योत लांब. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली राहिलेला डिंक चमकतो, डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा ते बरं.

कडांचा तपकिरी डाग मात्र तसाच ठेवतोय. तो काढायला अॅसिटोन लागेल आणि निळा शेरा जाईल.

फाट पाठीमागून ९ ग्रॅमच्या कोझो कागदाने (लांब धाग्यांचा पातळ जपानी कागद) जोडली : पाण्याची रेघ ओढून फाडलेली ५ मिलिमीटरची पट्टी, गव्हाच्या सत्वाची खळ (एक वाटी सत्व, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळून, गाळून). खळीत मोरचूद घालायची आपल्याकडच्या बाइंडरांची सवय सोडा. किडे जातात, पण तांब्याने कागद लवकर ठिसूळ होतो.

जाता जाता : आडवी भोकं पाडून घातलेली जुनी शिलाई उसवली, आणि आतला ८ मिलिमीटर समास मोकळा झाला. हिंदी अर्थांची अर्धी वाक्यं तिथे दडलेली होती, आता पूर्ण वाचता येतात! बाइंडरकडे देणाऱ्यांनी तीन बाजू छाटू नका म्हणून चिठ्ठीवर लिहूनच द्यावं.

सुटलेली पट्टी वेगळ्या पाकिटात ठेवायची असं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, उत्तर प्रश्नापासून तोडायचं कशाला? पट्टी ५० मायक्रॉनच्या पॉलिएस्टरच्या पाकिटात घालायची आणि पाकीट वरच्या कडेला कोझोच्या बिजागरीने पानाला लावायचं : झडप खाली असताना काळं उत्तर, उचलली की निळं मत. खळ पॉलिएस्टरला धरत नाही, म्हणून पाकीट करताना वरच्या शिवणीतच कोझो अडकवावा लागेल. ती शिवण दोऱ्याची की उष्णतेने जोडलेली, यावर कोणी प्रयोग केलाय का? कळवा, तोवर मेसची पानं घेतो. तिथे सगळी पेन्सिल आहे, म्हणजे कोरडी साफसफाईसुद्धा शेऱ्यांच्या चारी बाजूंनी बोटभर जागा सोडूनच.