मधल्या बेडरूमच्या फ्लोअरखालचा वारा सापडला

आकडा आधी देते, कारण मधली बेडरूम गार का राहते हा प्रश्न मांडणारी मागची नोंद वाचलेले त्याचीच वाट बघत असतील. मधल्या बेडरूमच्या फ्लोअरखाली, जॉइस्ट-बेमध्ये (फ्लोअर पेलणाऱ्या तुळयांमधल्या पोकळीत) ३१ पास्कल दाब दिसत होता, तो आता ६ वर आलाय; आकडा जितका कमी, तितकी ती जागा बाहेरच्या हवेपासून तुटलेली. ब्लोअर डोअरचा, म्हणजे दारात बसवून घरातली हवा बाहेर ओढणारा, पंखा ५० पास्कलवर, मॅनोमीटरची (दाबमापकाची) नळी कपाटातल्या त्याच छिद्रात, आणि आकडा सहावर स्थिर. मी बराच वेळ नुसती बघत उभी होते.

गाडी कुठे अडली होती ते थोडक्यात. घर तेच, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीचं १९६१ सालचं साइड-स्प्लिट (अर्ध्या मजल्याच्या फरकाने शेजारी जोडलेले भाग असलेलं). थंडी पडायच्या आत वरच्या अ‍ॅटिकमधल्या (छपराखालच्या पोटमाळ्यातल्या) टॉप प्लेट म्हणजे भिंतींच्या माथ्यावरची लाकडं, वायरींची भोकं, प्लंबिंग स्टॅकच्या उभ्या पाइपभोवतीची मोठी फट, सीलिंगमध्ये बसवलेले रिसेस्ड लाइट, सगळं सील केलं होतं. अ‍ॅटिकमध्ये चढायच्या हॅचवर फोमचं झाकण आणि गॅस्केट बसवलं होतं. एवढं करून ब्लोअर डोअर लावला, तर ३४०० सीएफएम५० (५० पास्कलच्या फरकाला मिनिटाला गळणारी घनफूट हवा) चे जेमतेम ३१५० झाले. घराचं घनफळ १५,२०० घनफूट, म्हणजे १३.४ एसीएच५० (त्याच दाबाला तासाला घरातली सगळी हवा किती वेळा बदलते) वरून १२.४. नव्या घराकडून बांधकामाचा कोड ३ मागतो. साठ वर्षांचं घर तिथवर जाणार नाही हे ठाऊक आहे, पण इतक्या कामाचं फळ एवढंच, हे मनाला पटेना. त्यात मधली बेडरूम तशीच गारठलेली. खोलीतली हवा ६८ फॅरनहाइट आणि फ्लोअर ५४. ती खोली सासूबाईंची. त्या नाशिकहून हिवाळ्यात येतात आणि खोलीतही मोज्यांवर मोजे चढवून बसतात, ते बघवत नव्हतं.

एका कंत्राटदाराचा सल्ला होता की वर आर-६० (उष्णता अडवण्याचं माप) होईस्तोवर सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या तंतूंचं इन्सुलेशन, भरून टाका, बाकी काही बघू नका. आर-६० ची शिफारस बरोबरच आहे. पण छतावर कितीही जाड थर घातला तरी पायाखालची जमीन कशी गरम होणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. सेल्युलोज लांबणीवर टाकलं, हे फार बरं झालं.

पहिला धागा थर्मल कॅमेऱ्याने दिला. पंखा चालू ठेवून फ्लोअरकडे बघितलं तर निळे पट्टे, एकसारखे, दर सोळा इंचांनी एक. जॉइस्टच्या मधली जागा गार आणि जॉइस्टवरची त्यामानाने उबदार. म्हणजे वारा थेट बेमधून वाहत होता. पण कुठून? ती बेडरूम खालच्या फॅमिली रूमच्या डोक्यावर आहे. तिच्या फ्लोअरच्या वरही घर, खालीही घर. बाहेरच्या भिंतीकडची रिम जॉइस्ट (कडेची तुळई) मी मागेच सील केलेली. उदबत्ती घेऊन बेसबोर्डच्या कडेने फिरले, तर धूर सगळीकडे थोडाथोडा हलत होता, एका जागी बोट ठेवावं असं काही मिळेना. उदबत्ती खिडकी-दाराला उत्तम, लपलेल्या पोकळीपुढे तिचं काही चालत नाही.

मग दाब मोजायला बसले. घर बाहेरच्यापेक्षा ५० ने खाली असताना वरचं अ‍ॅटिक घराच्या तुलनेत ४८ दाखवत होतं, म्हणजे ते जवळजवळ पूर्ण ‘बाहेर’ होतं आणि आधीचं काम नीट झालेलं होतं. खालच्या अ‍ॅटिकमध्ये, लिव्हिंग रूमच्या डोक्यावरच्या, फक्त ३६. तिथून घरात मोठी वाट होती. कपाटाच्या कोपऱ्यात फ्लोअरला छोटं छिद्र पाडून नळी बेमध्ये सोडली. घराच्या पोटातली पोकळी शून्याच्या आसपास दिसायला हवी. दिसले ३१. सासूबाईंच्या पायाखालची ती जागा घरापेक्षा अंगणाच्या जवळची होती!

आता स्प्लिट-लेव्हलवाल्यांनी नीट वाचा, कारण तुमच्याकडेही हेच असण्याची बरीच शक्यता आहे. साइड-स्प्लिटमध्ये बेडरूमचा भाग लिव्हिंग रूमपेक्षा अर्धा मजला वर असतो. त्यामुळे लिव्हिंग रूमचं सीलिंग बेडरूमच्या भिंतीला मधोमध येऊन भिडतं. भिंतीचा खालचा अर्धा भाग लिव्हिंग रूमकडे, वरचा अर्धा खालच्या अ‍ॅटिकमध्ये. आमच्याकडे लिव्हिंग रूमची फ्रेम आणि बेडरूमच्या भागाची फ्रेम वेगवेगळ्या उभ्या केल्या आहेत आणि दोघींमध्ये दीड-दोन इंचांची पोकळी आहे, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वरून ती अ‍ॅटिकमध्ये उघडी. खाली ती बेडरूमच्या जॉइस्टपाशी पोचते, आणि तिथल्या बोर्डाला डक्ट आणि वायरींसाठी सढळ हाताने कापलेलं आहे. सॉफिटमधून (छपराच्या पुढे आलेल्या कडेच्या खालच्या बाजूतून) अ‍ॅटिकमध्ये येणारी हवा थंड, म्हणून जड. ती या पोकळीतून खाली उतरते आणि जॉइस्ट-बेमध्ये पसरते. वाऱ्याच्या दिवशी तर तिला मागून रेटाच मिळतो.

पुरावा डोळ्यांसमोर होता. त्या भिंतीलगतचं गुलाबी फायबरग्लास उचललं तर खालून काळंकुट्ट, बरोबर पोकळीच्या रेषेत. साठ वर्षांची धूळ त्यातून गाळली गेली होती. फायबरग्लास हवा अडवत नाही, गाळतं फक्त. विंडचीटरशिवाय नुसता लोकरीचा स्वेटर घालून थंडीत स्कूटर चालवावी, तसं ते काम करत होतं. (जुनं इन्सुलेशन उचकण्याआधी ते व्हर्मिक्युलाइट नाही ना, हे बघून घ्या. करडे-सोनेरी चमकदार खडे दिसले तर हात लावू नका. अमेरिकेतलं जुनं व्हर्मिक्युलाइट बरंचसं मोंटानातल्या लिबीच्या खाणीचं आहे आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल अजून घराघरांत पडून आहे.)

दुरुस्ती सांगायला सोपी आहे. दोन इंची एक्सपीएसच्या (कडक फोमच्या) पट्ट्या पोकळीपेक्षा किंचित अरुंद कापायच्या, तोंडाशी आडव्या बसवायच्या आणि दोन्ही कडांना गन-फोम (गनने मारायचा फुगणारा फोम). त्यावर, अ‍ॅटिककडच्या उघड्या स्टडवर (भिंतीच्या उभ्या लाकडांवर) पॉलीआयसोचे, म्हणजे दुसऱ्या एका कडक फोमचे, तुकडे, सांध्यांना टेप, आणि शेवटी तीन इंची मिनरल वूल (न जळणारी खनिज लोकर), कारण कोड अ‍ॅटिकमध्ये फोम उघडा ठेवू देत नाही. चिमणीजवळ फोम अजिबात नाही. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. मधला भाग उंच आहे, तिथे गुडघ्यांवर बसून काम पटापट झालं. जसजशी कडेला सरकले तसतसं छप्पर डोक्यावर आलं, आणि शेवटच्या दोन कोपऱ्यांत तर हातही पोचत नव्हता. नेमके तेच कोपरे सॉफिटच्या तोंडाशी, म्हणजे सगळ्यात जास्त वारा तिथे. काठीच्या टोकाला फोमचा ठोकळा टोचून आत ढकलणे, गनला लांब बॅरल लावून अंदाजाने फोम मारणे, असे प्रकार केले. मागचा कोपरा बरा बंद झाला. पुढचा अजून श्वास घेतोय. मॅनोमीटरवरचे ते उरलेले ६ त्याचेच आहेत, असा माझा अंदाज.

सुधारलेले आकडे: २४८० सीएफएम५०, म्हणजे ९.८ एसीएच५०. एका भिंतीतून ६७० गेले! खालचं अ‍ॅटिक ३६ वरून ४६. आणि मला सगळ्यात प्रिय असलेला आकडा, फ्लोअर ६३ फॅरनहाइट. सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच म्हणाल्या, “आज फर्नेस जास्त चालवलास का गं?” उलट तो कमी चालला होता.

गॅसचा हिशोब नेहमीच्या पद्धतीने, उन्हाळ्यातला पाणी तापवायचा वापर वजा करून थर्म (गॅसच्या उष्णतेचं एकक) भागिले डिग्री-डे (किती थंडी किती दिवस पडली याचं माप). ०.२१ चे ०.१७ झालेत. दिवस अजून थोडे आहेत, रेषा मार्चअखेर पक्की होईल. पण हाच कल टिकला तर आमच्या ५,००० डिग्री-डेच्या हंगामात २०० थर्म वाचतात. आमच्या बिलात सगळे आकार धरून थर्म साधारण सव्वा डॉलरला पडतो, म्हणजे वर्षाला अडीचशे डॉलर. सामान त्याहून कमीत आलं.

सामानाबद्दल. इन्सुलेशनवरची ३० टक्के फेडरल कर-सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे नवे शीट घेणं आता जिवावर येतं. मी पॉलीआयसो रीक्लेम्ड घेतलं, मोठ्या इमारतींच्या छतांवरून निघालेलं. कोपरे तुटलेले असतात, पण आपल्याला तुकडेच कापायचे असतात. शीट ओली नाही ना, एवढं उचलून वजनावरून बघा. फोमसाठी मात्र गन घ्याच. नळीवाले डबे एकदा वापरले की तोंड गच्च होतं आणि अर्धा माल वाया जातो. गनमध्ये डबा कित्येक आठवडे राहतो आणि धार दोऱ्याइतकी बारीक करता येते. डबे घरात उबेला ठेवून, उन्हाच्या दुपारी अ‍ॅटिक जरा तापलं की मगच वर जायचे. गार फोम नीट फुलत नाही. दुकानात मिळणारं अ‍ॅटिक-हॅचचं चेनवालं पातळ आवरण घेऊ नका, फोमच्या ठोकळ्याचं घरगुती झाकण त्याच्या कितीतरी पुढे आहे.

छोटी कामंही उरकली. बेसमेंटच्या दाराच्या खालच्या फटीला स्वीपची पट्टी, डक्टच्या सांध्यांना मास्टिकचा लेप, उत्तरेच्या दोन खिडक्यांना प्लास्टिक फिल्म. हेअर ड्रायर फिरवल्यावर फिल्म ताणून काचेसारखी होते, तो क्षण मला दरवर्षी तितकाच आवडतो. खिडक्या बदलण्यावर हजारो डॉलर घालण्याआधी प्रत्येकाने एक हिवाळा फिल्मवर काढून बघावा.

सुरक्षेचं सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. आमचा वॉटर हीटर जुन्या धाटणीचा, नैसर्गिक ओढीवर चालणारा, म्हणजे जळलेला वायू पंख्याशिवाय आपोआप चिमणीतून वर जातो असा. घर घट्ट झाल्यावर सगळे एक्झॉस्ट पंखे आणि ड्रायर एकदम चालू करून, दारं लावून, हीटरच्या ड्राफ्ट हुडपाशी (चिमणीत जाणाऱ्या तोंडाशी) उदबत्ती धरली. धूर आत ओढला गेला, ठीक. तो खोलीत परत येऊ लागला असता तर तिथेच काम थांबवलं असतं. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दर मजल्यावर हवेतच. आणि आमची मॉरिस काउंटी रेडॉनच्या (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूच्या) वरच्या श्रेणीत मोडते, त्यामुळे रेडॉनची चाचणी पुन्हा लावली आहे. लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर गेलं तर आधी त्याचा बंदोबस्त.

पुढचं काम वरच्या अ‍ॅटिकमधलं सेल्युलोज असं ठरलं होतं. पण हे लिहिताना पुढच्या कोपऱ्याचा विचार डोक्यातून जाईना, आणि आता वाटतंय की त्या कोपऱ्याकडे आतून जायचंच कशाला? सॉफिटचं पॅनेल बाहेरून काढलं तर शिडीवर उभं राहून हात थेट पोकळीपर्यंत जाईल. आणि तिथे पोचल्यावर हवेची वाट मोकळी ठेवणारा बॅफलही लगेच बसवता येईल, सेल्युलोजच्या वेळी तो लागणारच आहे. आणखी एक: पॅनेल काढण्याआधी गार पहाटे पंखा उलटा लावून घर फुगवलं, तर गळती जिथे असेल तिथे सॉफिट कॅमेऱ्यात उबदार दिसेल. कोपरा नक्की तोच की शेजारचा बे, हे पॅनेलला हात न लावता कळेल. तर क्रम बदलला. आधी उलटा पंखा, मग सॉफिट, मग सेल्युलोज. हीट पंपची साइझिंगही तोवर थांबवते. ९.८ धरून पंप घ्यायचा आणि पुढच्या वर्षी घर ८ वर आणायचं, तर पंप मोठा ठरेल.

सॉफिटसाठी बाहेर ४० फॅरनहाइटच्या वरचा कोरडा दिवस लागेल, म्हणजे मार्चपर्यंत वेळ आहे. आमचं पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचं, एफ-चॅनलच्या खाचेत अडकवलेलं, फॅशियाच्या (छपराच्या कडेच्या उभ्या पट्टीच्या) मागे खिळे. ते न वाकवता कोणी काढलं असेल तर कुठल्या टोकापासून सुरुवात केली ते कळवा. आणि स्प्लिट-लेव्हलवाल्यांनी कपाटात एक छिद्र पाडून आपल्या बेचा दाब जरूर मोजा. आकडा इथे टाका, घराच्या बांधकामाच्या वर्षासकट.