कापसाच्या घराला तीन कॅमेरे

आमचे घर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठच्या एका गावात आहे. दसऱ्यानंतर कापूस वेचला जाऊ लागला की तो भाव चढेपर्यंत घरातच ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरते आणि घरातली माणसे मागच्या दोन खोल्यांत आणि स्वयंपाकघरात राहतात. गेल्या हंगामात गावातल्या दोघांच्या विहिरींवरील मोटारींच्या केबली कापून नेल्या, आणि मी पुण्यात नोकरीला असल्यामुळे घरी आई आणि आबा दोघेच असतात. म्हणून दिवाळीनंतर कॅमेरे बसवायचे ठरले. त्यासाठी मी पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले होते. खर्च त्याहून थोडा पुढे गेला. तो कोठे गेला आणि त्यातला कोणता योग्य ठरला, हे येथे लिहून ठेवतो.

आबांचा पहिला प्रश्न अहिराणीत आला : "हाऊ कॅमेरा चोरले धरस का?" प्रश्न रास्त होता. कॅमेरा चोराला धरत नाही. तो फक्त पाहतो. त्यामुळे कॅमेऱ्यांच्या आधी मागच्या दाराची कडी बदलली, खळ्यावर एक एलईडी दिवा लावला आणि कुंपणाला टेकून रचलेली लाकडे तेथून हलवली. हे सगळे दोन हजारांच्या आत झाले आणि ते मी कॅमेऱ्यांच्या हिशेबात धरलेले नाही. मात्र ज्यांच्या दाराला अजून धड कडी नाही, त्यांनी आधी ती बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

धुळ्याच्या बाजारात चौकशी केली, तेव्हा प्रत्येक दुकानदाराने चार कॅमेऱ्यांचा संच पुढे केला. चार कोपऱ्यांना चार कॅमेरे हे गणित दुकानदाराच्या सोयीचे आहे, घराचे नाही. मी घराभोवती एक फेरी मारून वहीत एवढेच लिहिले की, बाहेरचा माणूस आत येऊ शकेल अशा जागा किती. फाटक, मागचे दार आणि खळे, अशा तीनच जागा निघाल्या. चौथी बाजू शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे. एक कॅमेरा कमी केल्याने वाचलेले पैसे मी मोठ्या हार्ड डिस्ककडे वळवले. एकूण खरेदी अशी झाली : चित्रण साठवणारा चार चॅनलचा, म्हणजे चार कॅमेरे जोडता येणारा डीव्हीआर ३,२०० रुपये, दोन मेगापिक्सेलचे तीन कॅमेरे ४,२०० रुपये, एक टेराबाइटची हार्ड डिस्क ४,५०० रुपये, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस ६०० रुपये, चित्र आणि वीज दोन्ही नेणाऱ्या थ्री प्लस वन केबलचे ९० मीटरचे बंडल १,६०० रुपये, चित्राचे बीएनसी आणि विजेचे डीसी कनेक्टर व डब्या ४५० रुपये, पीव्हीसी पाइप आणि कॅसिंग पट्टी ७०० रुपये, आणि बसवणाऱ्या भाऊंची दिवसाची मजुरी १,२०० रुपये. मॉनिटर घेतला नाही. घरातल्या जुन्या टीव्हीला एचडीएमआय वायर जोडली.

वाय-फायवर चालणारे सुटे कॅमेरे याहून स्वस्तात आले असते, आणि शहरातल्या दोन खोल्यांच्या घराला तेच पुरतात. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड आहेत. तेथे वाय-फायची लहर दुसऱ्या खोलीतच क्षीण होते. शिवाय अशा कॅमेऱ्यांतील चित्रण बहुधा त्यांच्याच पोटातल्या मेमरी कार्डवर साठते, म्हणजे चोराने कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्याबरोबरच जातो. शेतात लावण्यासाठी सिम कार्ड आणि सौर पट्टीचे कॅमेरेही मिळतात. ते बॅटरी वाचवण्यासाठी सतत चित्रण करीत नाहीत. समोरून गेलेल्या शरीराची उष्णता जाणवली की जागे होतात. आता आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणजे भोवतालची हवा आणि भिंतीच माणसाच्या अंगाहून तापलेल्या असतात. अशा दुपारी त्या संवेदकाला माणूस वेगळा ओळखणे कठीण जाते. मी तो विचार सोडून दिला.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते भिंगाबाबत. दुकानदाराने तिन्ही कॅमेरे रुंद कोनाच्या २.८ मिलिमीटर भिंगाचे दिले होते, कारण त्यात "सगळे दिसते". ओट्यावरच्या भिंतीला पहिला कॅमेरा बसवला, फाटक तेथून नऊ मीटरवर आहे. टीव्हीवर अंगण, फाटक, गल्ली, समोरचा कडुनिंब असे सगळे खरोखरच दिसले आणि आम्ही खूश झालो. मग मी आईला डोक्यावर पदर घेऊन फाटकात उभे राहायला सांगितले आणि पडद्यावर ती जागा मोठी करून पाहिली. पदराचा हिरवा रंग तेवढा कळत होता. चेहऱ्याच्या जागी दहा-पंधरा चौकोनी ठिपके होते. आई आत येऊन पडद्यासमोर थांबली आणि म्हणाली, "ती मी शे का?"

याचे कारण साध्या गणितात आहे. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी ईएन ६२६७६-४ हे युरोपीय मानक वापरले जाते. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीनुसार अनोळखी व्यक्तीची ओळख खात्रीने पटवायची असेल, तर ती उभी असेल तेथे दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात, आणि कोणीतरी आहे एवढेच कळायला २५ चालतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. २.८ मिलिमीटरचे भिंग सुमारे १०० अंशांचा कोन घेते, म्हणून नऊ मीटरवर त्याला एकवीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो आणि वाट्याला मीटरमागे जेमतेम ९० पिक्सेल येतात. आपल्या माणसाला ओळखण्याइतकेही ते नाहीत, मग अनोळखी माणसाची गोष्टच सोडा. या भिंगाने चेहरा टिपायचा असेल, तर माणूस तीन-सव्वातीन मीटरच्या आत यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा बदलून त्याच किमतीत ६ मिलिमीटर भिंगाचा आणला. त्याचा कोन साधारण ५० अंशांचा असतो. आता त्यात कडुनिंब दिसत नाही, गल्लीही दिसत नाही. पण फाटकात उभ्या असलेल्या माणसाच्या मिशा मोजता येतात. मागच्या दाराचा कॅमेरा दारापासून तीन मीटरवरच असल्याने तेथे २.८ चे भिंग योग्य ठरले. उंचीही सात-आठ फुटांच्या वर नेली नाही, कारण कॅमेरा जितका वर जाईल तितका चेहरा कमी आणि टोपीच जास्त दिसते.

खळ्यावरच्या कॅमेऱ्याने मात्र आठवडाभर छळले. दिवसा चित्र स्वच्छ असायचे, आणि संध्याकाळी साडेसहा-सातला अंधार पडला की ते थरथरून बंद व्हायचे. बसवणाऱ्या भाऊंनी आधी कनेक्टर बदलला, मग कॅमेऱ्यालाच दोष दिला. शेवटी आबांच्या मोटारीच्या पेटीतला मल्टिमीटर घेऊन मी शिडीवर चढलो. एसएमपीएसपाशी १२ व्होल्ट होते आणि चाळीस मीटर केबल ओलांडून कॅमेऱ्यापाशी अंधारात साडेनऊच उरत होते. अंधार पडला की कॅमेऱ्यातले रात्री पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, आणि बारीक तारेतून जास्त प्रवाह जाऊ लागला की वाटेतच व्होल्टेज गळते. स्वस्त केबलीत तांब्याचा फक्त मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असेल, तर ही गळती आणखी वाढते. खळ्यावर दिव्यासाठी वीज होतीच. तेथेच पावसापासून आडोशाला २५० रुपयांचा स्वतंत्र ॲडॅप्टर लावला आणि मुख्य केबलीतून फक्त चित्राची तार चालू ठेवली. त्या संध्याकाळपासून कॅमेरा बंद पडलेला नाही. एकूण खर्च १६,७०० रुपये झाला.

घरात कापूस असल्याने एक पथ्य कसोशीने पाळले. भाऊ डीव्हीआर आणि एसएमपीएस पुढच्या खोलीत लावायला निघाले होते, कारण सगळ्या केबली तेथून जवळ पडत होत्या. मी त्याला ठाम नकार दिला. कापसाच्या खोलीत विजेचा एकही जोड नको. एक ठिणगी वर्षभराची कमाई जाळून टाकील. त्या खोलीतून केबलही नेली नाही, बाहेरून पाइपातून वळवून घेतली. त्यात वीस मीटर केबल जास्त गेली असती अशी भीती होती. प्रत्यक्षात तिन्ही कॅमेरे मिळून पंच्याहत्तर मीटरच्या आसपास लागली. कापूस असतो तेथे उंदीरही असतातच, म्हणून आतली उघडी केबल कॅसिंग पट्टीत घेतली. डीव्हीआर देवघराच्या मागच्या कोनाड्यात आहे. बाहेरून आलेल्या माणसाची नजर तेथे सहज जात नाही आणि कोनाडा उघडा असल्याने हवाही खेळती राहते. उष्णतेचा त्रास हार्ड डिस्कलाही होतो. बंद कपाटात मे महिना काढणे तिला जड जाते. बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ५० किंवा ६० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, पण पश्चिमेच्या उन्हातली भिंत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, म्हणून त्या बाजूच्या कॅमेऱ्यावर पत्र्याची छोटी झडप लावली आहे.

हार्ड डिस्कचा हिशेबही आधीच मांडून पाहावा. एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला २ मेगाबिट वेगाने साठले, तर दिवसाला २१.६ गिगाबाइट होते. तीन कॅमेऱ्यांचे जवळपास ६५ झाले, म्हणजे एक टेराबाइट पंधरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवे चित्रण चढू लागते. चित्रण कमी जागेत साठवण्याची एच.२६५ ही पद्धत निवडून वेग निम्मा केला, की हीच डिस्क महिनाभर पुरते आणि चित्रात डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. डिस्क साधी संगणकाची घेऊ नये. चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली वेगळी मिळते, तीच घ्यावी. तीन कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून तीस वॉटच्या आसपास वीज खातात, म्हणजे महिन्याला एकवीस-बावीस युनिट. हा बोजा घरातला इन्व्हर्टर सहज पेलतो. मोबाइलवर चित्र दिसण्यासाठी लागणारा इंटरनेटचा राउटरही त्याच्यावरच घ्यावा, हे माझ्या लक्षात पहिल्या भारनियमनात आले.

जोडणी झाल्यावर भाऊंनी पासवर्ड म्हणून गावाचे नाव आणि १२३ ठेवले होते. तो मी त्यांच्यासमोरच बदलला. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. आपल्या अंगणाचे चित्र भलत्याने पाहावे, याहून कॅमेरे नसलेले बरे. भारतातही ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या कसोट्या लागू झाल्या आहेत, त्यामुळे फारच स्वस्तात मिळणारा जुना माल घेताना दुकानदाराला त्याबद्दल अवश्य विचारावे.

फाटकाच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात समोरच्या काकूंचा ओटा येत होता. संध्याकाळी तेथे गल्लीतल्या बायका बसतात, गहू निवडतात, बोलतात. मी काकूंना घरी बोलावून टीव्हीवर ते चित्र दाखवले आणि त्यांच्यासमोरच डीव्हीआरच्या सेटिंगमधून तेवढ्या भागावर काळा पट्टा टाकला. ही सोय बहुतेक डीव्हीआरमध्ये असते. तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. घराच्या आत एकही कॅमेरा लावलेला नाही.

देखभाल म्हणावी अशी फारशी नाही. इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि रात्री ते जाळे पडद्यावर पांढऱ्या दोरखंडासारखे चकाकते. आई दर अमावास्येला घर झाडताना लांब काठीला मऊ फडके बांधून तिन्ही कॅमेरे पुसते. घड्याळ बरोबर आहे ना, हे मी महिन्यातून एकदा पाहतो. चुकीच्या वेळेचे चित्रण पोलिसांपुढे न्यायची वेळ आली, तर आधी त्या वेळेचाच खुलासा करीत बसावे लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्रही जोडावे लागते, म्हणून काही घडलेच तर चित्रण त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे आणि त्यानंतर डीव्हीआरला हात लावायचा नाही, असे आबांना लिहून दिले आहे.

हालचाल झाली की मोबाइलवर सूचना येण्याची सोय मी सुरुवातीला चालू ठेवली होती. शेतीची वीज रात्रपाळीला असते त्या आठवड्यात आबा रात्री दीडला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतात, आणि पुण्यात माझा फोन वाजतो. तीन रात्री दचकून उठल्यावर फाटकाची सूचना बंद केली. मागच्या दाराची आणि खळ्याची चालू आहे. डीव्हीआरचा चौथा चॅनल अजून रिकामा आहे. बंडलातली उरलेली पंधरा मीटर केबल गोठ्यापर्यंत पुरते. कापूस विकला गेला की तेथला कॅमेरा आणू, असे आबा आता स्वतःहून म्हणू लागले आहेत.